दाबके वहिनी नाटक बघतात

टीव्हीवर बातम्या देणारी बाई "नमस्कार" म्हणाली की दाबके वहिनी हातातलं काम थांबवून म्हणायच्या, "नमस्कार. आज घसा बसलाय वाटतं तुमचा." आणि मग बातम्या संपेपर्यंत तिला आल्याचा रस, हळदीचं दूध असे उपाय सुचवत राहायच्या.

शारजाला अल मजाजमध्ये आमचे फ्लॅट समोरासमोर होते. नवीन राहायला आलो तेव्हा मला वाटायचं, ह्या घरात पाहुण्यांचा राबता फार. सदा कोणाला तरी काहीतरी समजावणं चाललेलं. नंतर कळलं की पाहुणे कोणी नाहीत. वहिनी मालिकेतल्या सुनेला सांगताहेत, कपाटाची किल्ली नणंदेकडे देऊ नकोस. सून ऐकायची नाही. दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी भेटल्या की म्हणायच्या, "दिली हो शेवटी किल्ली! काल घसा फोडून सांगत होते." ऑफिसला जायच्या घाईत मला वाटायचं, बिल्डिंगच्या गच्चीचीच किल्ली गेली.

क्रिकेटची मॅच असली की त्या फलंदाजाला पळू नको म्हणून विनवायच्या. आमच्या नव्या लिफ्टमधून एक इंग्रज बाई "डोअर्स क्लोजिंग" म्हणायची, तिला त्या "हो हो, कर बंद, सगळे आलेत" असं उत्तर द्यायच्या. आमची ऋचा तेव्हा सहा-सात वर्षांची. ती मराठीत विचारलेल्याचं इंग्रजीत उत्तर देणाऱ्या पिढीतली. "बाबा, आंटी इज फाइटिंग विथ द टीव्ही अगेन," अशी बातमी ती मला रोज संध्याकाळी द्यायची.

एकदा माझी बायको, सुनीता, न राहवून म्हणाली, "वहिनी, त्यांना ऐकू येत नाही हो."

"ते मला कळतं गं," वहिनी म्हणाल्या. "पण दिसतंय तर सांगायला नको?"

हे त्यांचं पालुपद. भाजीवाल्याच्या वजनापासून शेजाऱ्याच्या सुनेच्या दिवसांपर्यंत, दिसलं की सांगायचं. त्यांचे यजमान मात्र अगदी उलट. दाबके तेल कंपनीत होते. महिनाभर समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर आणि महिनाभर घरी. घरी असले की एकतर झोपलेले, नाहीतर मासे आणायला गेलेले. त्यांच्याशी माझा सगळ्यात मोठा संवाद झाला तो असा: मी विचारलं, "काय, निघालात?" ते म्हणाले, "यल्ला," म्हणजे अरबीत 'चला'. मुलगा चिन्मय पुण्याला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर. त्यामुळे वहिनींच्या सांगण्यातला बराचसा माल टीव्हीच्या वाट्याला यायचा.

आता नाटकाचं सांगतो.

मी दुबईत एअरकंडिशनिंगची कामं घेणाऱ्या एका कंपनीत होतो. आमचे साहेब मिस्टर हॅरिसन. उंच, लालबुंद आणि अबोल. ऑफिसात त्यांच्या तोंडून "येस", "नो" आणि "व्हाय?" याखेरीज फारसं काही निघायचं नाही. असा हा माणूस हौशी नाटक मंडळीत आहे आणि त्यात चक्क लॉर्डचं काम करतोय, हे आम्हाला टेबलावर तिकिटं येऊन पडली तेव्हा कळलं. एका हॉटेलच्या मागे इंग्लिश पब होता, त्याच्या बागेत नाटक. तिकिटावर लिहिलेलं, 'समर थिएटर'. इंग्लंडात म्हणे उन्हाळ्यात पबच्या बागेत नाटकं करायची पद्धत आहे. इथल्या उन्हाळ्यात बागेत पालसुद्धा फिरकत नाही, म्हणून ह्या मंडळींनी आपला उन्हाळा फेब्रुवारीत साजरा करायचं ठरवलं होतं.

माझ्या प्रमोशनचा कागद त्याच महिन्यात साहेबांच्या टेबलावर होता. न जाण्याचा प्रश्नच नव्हता. एक तिकीट जास्तीचं होतं. ऋचाला तिच्या मैत्रिणीकडे सोडायचं ठरल्यावर सुनीता म्हणाली, "दाबके भाऊजी प्लॅटफॉर्मवर गेलेत. वहिनींना नेऊ या."

"सुनीता, माझे साहेब आहेत स्टेजवर."

"मग? त्या काय खाणार आहेत त्यांना?"

तिने फोन केला. फोन नीट लागला नव्हता की काय कोण जाणे, वहिनींनी 'पब गार्डन'चं 'पब्लिक गार्डन' ऐकलं. संध्याकाळी त्या खाली आल्या त्या एका हातात सतरंजी, दुसऱ्या हातात चार पुडांचा डबा, खांद्याला पाण्याची बाटली आणि अंगावर स्वेटरवर शाल अशा थाटात. "बागेत गार वारं असतं," म्हणाल्या. "थालीपिठं केलीत. आणि दडपे पोहे. नाटक लांबलं तर?"

शारजा-दुबई रस्त्यावरच्या ट्रॅफिकला सांगत-समजावत आम्ही पोचलो. गेटवर पाटी वाचून वहिनी थबकल्या. मला वाटलं, आता परत फिरतात. त्यांनी आत नजर टाकली. हिरवळ, खुर्च्या, झाडांना दिव्यांच्या माळा, आणि हातात भलेमोठे ग्लास घेतलेली गोरी मंडळी.

"असू दे," त्या म्हणाल्या. "त्यांचं ते पितील, आपलं आपण खाऊ. आमच्या ह्यांना मात्र सांगू नका."

गेटवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, बाहर का खाना अलाउड नहीं."

"खाना नहीं है भय्या, दवाई है. शुगर है मेरे को."

शुगर त्यांना तेव्हा नव्हती, पुढेही झाली नाही. पण त्या माणसाने चार पुडांच्या औषधाकडे बघितलं, वहिनींच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि बाजूला झाला. जागा मिळाली ती पहिल्या रांगेत. मी मागे बसू म्हणून खूप खुणा केल्या. "पुढून चांगलं दिसतं," वहिनी म्हणाल्या. माझी भीती नेमकी तीच होती.

नाटक सुरू झालं. एका लॉर्डच्या घरातला मोत्यांचा हार चोरीला जातो, अशी गोष्ट. हॅरिसनसाहेब झुपकेदार मिशी चिकटवून आले आणि ऑफिसात वर्षभरात बोलले नसतील एवढं पहिल्या पाच मिनिटांत बोलले. मी सुखावलो. वहिनी शांत होत्या. सुनीताने माझ्याकडे बघून मान हलवली, बघ, उगीच घाबरत होतास.

तेवढ्यात दमट हवेने घात केला. साहेबांची मिशी डाव्या बाजूने सुटली आणि बोलताना दारासारखी हलायला लागली. साहेबांना पत्ता नाही. लोक हसू दाबताहेत. आणि माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला:

"अहो! मिशी! मिशी सुटली तुमची!"

साहेब थांबले. बागेतले सगळे थांबले. वहिनींनी आपल्या ओठावर बोट फिरवून दाखवलं. साहेबांनी हात वर नेला, मिशी चाचपून बसवली आणि लॉर्डच्या रुबाबात कमरेत वाकून म्हणाले, "मॅडम, आय ॲम ऑब्लाइज्ड." सगळी बाग हसून लोळली. मी मात्र खुर्चीत जमेल तेवढा खाली सरकलो होतो. माझा कागद मला केराच्या टोपलीत दिसत होता.

एकदा दाद मिळाल्यावर वहिनी कशाच्या थांबतात! हार चोरणारा बटलर झुडपाआड लपला आणि साहेब त्याला भलतीकडे शोधायला लागले, तेव्हा त्या उठून उभ्याच राहिल्या. "अहो साहेब, तिकडे काय बघताय? मागे! पीछे! झुडपात!"

आणि काय चमत्कार, मागच्या रांगांतून पन्नासएक गोरे एका सुरात ओरडले, "बिहाइंड यू!" त्यांच्याकडे नाताळात लहान मुलांच्या नाटकांत असं ओरडायची रीतच असते, हे मला नंतर कळलं. वहिनींनी समाधानाने मागे वळून बघितलं. "बघा, ह्यांनाही दिसतंय. सांगायला नको?"

मध्यंतरात एक उंच बाई तरातरा आमच्याकडे आली. दिग्दर्शिका. आता बाहेर काढणार, म्हणून मी सतरंजीची गुंडाळी उचलली. ती माझ्याकडे न बघता वहिनींना म्हणाली की प्लीज, असंच चालू ठेवा, आमच्या तालमींत कोणीच हसलं नव्हतं. वहिनींना त्यातलं 'प्लीज' तेवढं कळलं असावं. त्यांनी डबा उघडून एक थालीपीठ तिच्या हातावर ठेवलं. "खा गं. सकाळपासून काही पोटात गेलेलं दिसत नाही तुझ्या." बाईने खाल्लं. आणखी एक मागून घेतलं.

दुसऱ्या अंकात चोरीचा आळ लॉर्डच्या विधवा आत्यावर येतो. हे काम डोरोथी नावाची पांढऱ्या केसांची, किरकोळ अंगाची बाई करत होती. सगळं घर तिला टाकून बोलतं, निघून जातं, आणि ती बागेतल्या बाकावर एकटी बसून मन मोकळं करते, असा प्रवेश. ती बसली. दोन वाक्यं बोलली. तिसऱ्याला तोंड उघडलं आणि तशीच राहिली.

आधी वाटलं, अभिनय आहे. मग झुडपामागून कोणीतरी वाक्य कुजबुजलं. पुन्हा कुजबुजलं. तिला ऐकू जात होतं, पण बोलता येत नव्हतं. हातातला रुमाल ती नुसता पिळत होती. मघाशी हसणारी सगळी बाग आता दुसरीकडे बघायला लागली. कोणीतरी खोकलं.

मी वहिनींकडे बघितलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. उठल्या, बाटली घेतली आणि हिरवळीवरून चालत सरळ स्टेजवर गेल्या.

"वहिनी!" मी दबक्या आवाजात ओरडलो. सुनीताने माझा दंड धरला. "राहू दे," ती म्हणाली.

वहिनी बाकावर डोरोथीच्या शेजारी बसल्या. अंगावरची शाल काढून तिच्या खांद्यावर घातली. पाणी पुढे केलं. डोरोथी दोन घोट प्यायली. मग वहिनींनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळू म्हणाल्या, "हं. सांग."

डोरोथीने त्यांच्याकडे वळून बघितलं आणि बोलायला लागली. आपल्या जाऊबाईला सांगावं तशी बोलत होती. वहिनी मध्येच "हो ना", "मग?", "अगं बाई!" म्हणत होत्या. इंग्रजी त्यांना किती कळत होतं देव जाणे, पण हुंकार एकही चुकीच्या जागी पडला नाही. बोलणं संपलं तेव्हा टाळ्या वाजल्या, आणि माझ्या मागच्या रांगेतला एक धिप्पाड माणूस ग्लास खाली ठेवून नाक शिंकरत होता.

शेवटी सगळ्या नटांनी वहिनींना मध्ये उभं करून नमस्कार केला. हॅरिसनसाहेब मिशी हातात घेऊन आमच्याकडे आले. मी हात पुढे केला, तो त्यांना दिसलाच नाही. त्यांनी वहिनींशी हस्तांदोलन केलं. प्रमोशन मला पुढे मिळालं. त्यात वहिनींचा वाटा किती आणि माझा किती, ह्यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. डोरोथी शाल परत द्यायला आली तेव्हा वहिनींनी ती घेतली नाही. "थंडी आहे. राहू दे तुला."

परतताना गाडीत वहिनी मागे बसल्या होत्या. शारजाच्या अलीकडे नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली, तेव्हा सुनीता म्हणाली, "वहिनी, ती खरंच अडलीय हे तुम्हाला कसं कळलं हो? मला कितीतरी वेळ नाटकच वाटत होतं."

"तोंड बघितलंस ना तिचं? शब्द माहीत असतो, पण आवाजच लागत नाही," वहिनी म्हणाल्या. "माझं झालं होतं एकदा. तुम्ही राहायला यायच्या आधी. चिन्मय नुकताच हॉस्टेलला गेलेला, हे समुद्रावर. एका सकाळी चिन्मयचा फोन आला. 'आई, कशी आहेस?' म्हणाला. आणि मला बोलताच येईना. झालं काहीच नव्हतं गं. किती दिवसांत कोणाशी बोललेच नव्हते, तर तोंड उघडून नुसती उभी राहिले. तो हॅलो हॅलो करत राहिला. त्याला वाटलं लाइन गेली. ठेवला त्याने फोन."

पुढची गाडी थोडी सरकली. मी गिअर टाकला.

"मग मी ठरवलं," त्या म्हणाल्या, "आवाज चालू ठेवायचा. समोर कोणी का असेना. पुन्हा पोराचा फोन आला तर तयारी हवी."

खालिद लगूनचं पाणी डाव्या हाताला आलं, मग आमची बिल्डिंग. वर आल्यावर वहिनींनी डबा काखेत धरून पर्समधून किल्ली काढली. सुनीताने आमचं दार उघडलं आणि म्हणाली, "वहिनी, चहा टाकते. या."

"आता कुठे चहा? तू दमली असशील. ऋचाला आणायचंय अजून."

"हा आणेल ऋचाला. तुम्ही बसा. चिन्मयचं काय काय चाललंय ते मला सगळं सांगा."

"सगळं म्हणजे वेळ लागेल हो," वहिनी म्हणाल्या. आणि म्हणेपर्यंत त्यांच्या चपला आमच्या दाराशी निघाल्याही होत्या.