क टरबुजाचा

कॅमेऱ्यासमोर माझी बोबडी वळणार नाही, असं मी भर बैठकीत सांगून टाकलं होतं. आणि खरं सांगते, वळलीच नाही! बाकी जे काही घसरलं, फुटलं आणि सांडलं, त्याची ही हकिगत.

मी गोपिका ढोबळे. पारशिवनीच्या पुढे सात किलोमीटरवर आमची जिल्हा परिषदेची शाळा, तिथे पहिली ते तिसरी माझ्याकडे. सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एकच 'क' मी पाच पद्धतींनी शिकवला. नोकरीला लागले तेव्हा क-ख-ग होतं. मग प्रशिक्षण झालं आणि कळलं की क-ख-ग चूक, ग-म-भ-न बरोबर. मग कळलं की अक्षरच चूक, शब्द शिकवा. मग शब्दही चूक, नुसती गोष्ट सांगा, मूल आपोआप वाचायला लागतं. मूल काही आपोआप लागेना, तेव्हा आणखी एक प्रशिक्षण झालं, दुपारी मसालेभात मिळाला आणि कळलं की क-ख-गच बरोबर होतं! दर वेळी मी जुने तक्ते उतरवते, नवे लावते. आता भिंतीत खिळ्याला जागा नाही आणि मला स्टुलावर चढायला गुडघा नाही.

तर यंदा उन्हाळा लागता लागता फर्मान आलं. टीव्हीवर मुलांसाठी वाचनाचा कार्यक्रम सुरू होणार. नाव 'पाटी बोलते'. सकाळी अकरा वाजता नागपुरातल्या स्टुडिओतून थेट प्रसारण, आणि सगळ्या शाळांनी ते पोरांना दाखवायचंच. शिकवणाऱ्या बाई म्हणून माझी निवड झाली. गुणवत्तेवर वगैरे नाही. केंद्रप्रमुखांनी अकरा जणींना विचारलं, अकरा जणींच्या घरी त्याच दिवशी लग्न निघालं.

मी हो म्हटलं ते करिष्मासाठी. करिष्मा तिसरीतली. बाप नागपुरात कळमन्याच्या बाजारात हमाल, हंगामभर तिकडेच. पोरगी बोलायला अशी तिखट की समोरच्याला पाणी मागायला लावेल, पण वाचायला शून्य! अख्खा धडा ऐकून पाठ करायची आणि पुस्तक समोर धरून घडाघडा म्हणायची. एकदा मी पुस्तक उलटं दिलं, तरी घडाघडा! मी तिला म्हटलं, "टीव्हीवर यायचं का? पण खरं वाचावं लागेल."

"किती वाचा लागते?"

"एक शब्द."

"एकच? मंग येतो ना बाई!"

पंधरा दिवस मी तिच्यामागे हात धुऊन लागले. एक शब्द तरी स्वतः वाच गं बाई, एवढंच माझं मागणं होतं.

आता बैठकीचं सांगते. कार्यक्रमाला दोन तज्ज्ञ होते. एक शोभाताई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचं म्हणणं, आधी अक्षर, मग बाराखडी, मग जोडाक्षर, आणि तोवर मुलाने पुस्तकाकडे डोळा वर करून बघायचं नाही. दुसरे पुण्याहून आलेले सुमंत सर. त्यांचं म्हणणं, आधी अर्थ, आधी शब्द, आणि सुटं अक्षर दाखवणं म्हणजे मुलाला जेवणाऐवजी नुसतं मीठ वाढणं. पहिल्या भागात पाटीवर काय दाखवायचं यावर दोघं चार बैठका भांडले. चार! तेवढ्या वेळात मी दोन पोरांना बेरीज शिकवली असती.

शेवटी तह झाला. पाटीवर 'कलिंगड' हा शब्द, म्हणजे सुमंत सर खूश. त्यातला 'क' लाल रंगात, म्हणजे शोभाताई खूश.

मी हळूच म्हटलं, "आमच्याकडे त्याला टरबूज म्हणतात."

"प्रमाणभाषा आहे ना ती, मॅडम," शोभाताई म्हणाल्या.

"संदर्भातून समजेल मुलांना," सुमंत सर म्हणाले.

चार बैठकांत दोघांचं फक्त या एका गोष्टीवर एकमत झालं: माझं ऐकायचं नाही.

कार्यक्रमाचा निर्माता ऋषिकेश. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेला गरीब जीव. त्याने मला बाजूला घेतलं. "मॅडम, थेट प्रसारण आहे. गडबड नको हं."

"माझ्यावर सोडा," मी म्हटलं. "चित्र नको. खरं फळ आणते. पोरं हात लावतील, वास घेतील, शब्द डोक्यात पक्का बसेल." तेव्हा मी स्वतःवर इतकी खूश झाले की घरी येताना दोन स्टॉप पुढे उतरले.

फळ आणायचं काम आमच्या ह्यांच्याकडे, म्हणजे महादेवरावांकडे दिलं. ते कळमन्याहून जे घेऊन आले त्याला फळ म्हणणं कठीण होतं. लहानसं पिंप!

"अहो, काहून येवढं मोठं आणलं?"

"टीव्हीवर लहान दिसते वं सगळं. तूच सांग, वहिनी टीव्हीत दिसली होती तेव्हा किती बारीक दिसून राहिली होती."

बारा किलोचं ते टरबूज मांडीवर घेऊन मी ऑटोने स्टुडिओत पोचले.

स्टुडिओत कूलर बंद. का? तर माइकमध्ये त्याचा आवाज येतो. वरून हे मोठे दिवे. आमच्या शाळेची चार पोरं एका बाकावर, मधोमध दोन वेण्या घातलेली करिष्मा. समोर टेबल, टेबलावर टरबूज. टेबलाला जमिनीपर्यंत कापड, आणि टेबलामागे, त्या कापडाआड, अंकित नावाचा कलाकार उताणा पडलेला. त्याच्या हातात खारूताईची बाहुली. ही खारूताई टेबलाच्या कडेवरून डोकं काढून पोरांशी गोड आवाजात बोलणार. अंकित आमच्या नागपूरचाच, पण खारूताईने अगदी शुद्ध बोलायचं असं त्याला बजावलेलं. आणि दोन्ही तज्ज्ञ पाहुणे म्हणून टेबलाच्या दोन बाजूंना. त्यांना शेवटी दोन-दोन मिनिटं बोलायचं होतं. शेवटी!

अकरा वाजले. दिवा लागला. मी हसले, नमस्कार केला, आणि माझी बोबडी वळली नाही.

"मुलांनो, हे काय आहे बरं?"

"टरबूज!" चौघंही ओरडले.

पंधरा दिवस घोकून घेतलं होतं हो मी! कलिंगड, कलिंगड, कलिंगड! पण खरं फळ समोर दिसलं आणि घोकलेलं सगळं उडून गेलं. चित्र असतं तर कदाचित कलिंगड म्हणालेही असते.

मी घाईने पाटी वर धरली. "करिष्मा, हे लाल अक्षर कोणतं?"

करिष्माने डोळे बारीक केले. कपाळाला आठी घातली. मी पाटी आणखी जवळ नेली.

"क."

अहाहा! तिने अक्षर ओळखलं, तेही न पाठ करता! मला तिथेच तिचा मुका घ्यावासा वाटला. पण आता तोंडाला आवर कोण घालणार? मी म्हटलं, "शाब्बास! मग हा शब्द कोणता?"

तिने पाटीकडे पाहिलं. फळाकडे पाहिलं. पुन्हा पाटीकडे.

"टरबूज."

"अगं, नीट बघ. क कशाचा?"

"क टरबुजाचा," करिष्मा ठामपणे म्हणाली.

खारूताई मदतीला धावली. "अगं करिष्मा, हे तर कलिंगड आहे! मला कलिंगड फार आवडतं!"

करिष्मा तिच्याकडे वळली. "तुले काही समजत नाही वं खारूताई. कलिंगड पुस्तकात रायते. हे टरबूज आहे. माहे बाबा रोज उतरवते कळमन्यात."

बाकीची तिघं खो खो हसली. कॅमेरावालाही हसला, कारण कॅमेरा हलला.

शोभाताईंना राहवेना. "बघा! म्हणून मी सांगत होते, आधी अक्षर पक्कं करा! मुलगी चित्र बघून ठोकून देते आहे!"

"चुकताय ताई!" सुमंत सर उठले. "ती अर्थापर्यंत पोचली! चुकीचा आहे तो तुमचा शब्द!"

"माझा? शब्द तुमचा! माझा फक्त क!"

"मग तुमचा क चुकला!"

"क कसा चुकेल? क चुकला म्हणणारा पहिला माणूस बघतेय मी!" असं म्हणून शोभाताईंनी टेबलावर हात आपटला.

टेबल सरकारी होतं. त्याचा एक पाय मुळातच आखूड. टरबूज डुललं. मी धावले. सुमंत सरही धावले, आणि दोघांच्या चार हातांमधून ते बारा किलोचं धूड शांतपणे घरंगळत गेलं आणि कापडाआड पडलं.

धप्प!

आणि खारूताईच्या माइकमधून, अख्ख्या जिल्ह्याला ऐकू जाईल असा भरदार पुरुषी आवाज आला, "अरे मेलो ना बाप्पा! माह्या पोटावर पडलं ना!"

पुढचं आठवलं की अजून घाम फुटतो. टेबलाखालून लाल पाण्याचा ओघळ आला. त्याच्यामागून खारूताई आली, उताणी, अर्धी लाल. आणि कॅमेरावाल्याने, काय बुद्धी सुचली देव जाणे, ती अगदी जवळून दाखवली! त्याच वेळी आमची चार पोरं बाकावरून उठली, फुटलेल्या फोडी उचलल्या आणि खारूताईच्या बाजूला मांडी घालून खायला बसली.

"मस्त गोड आहे वं बाई," करिष्मा कॅमेऱ्यात बघून म्हणाली.

मग ऋषिकेशने प्रसारण तोडलं आणि सगळ्या शाळांत सतारवादन सुरू झालं.

अंकितला काही झालं नव्हतं, दोन दिवस पोट दुखलं तेवढंच. पण ते शाळांना कोण सांगणार! पोरांनी वर्गावर्गात हंबरडा फोडला. खारूताई मेली, आणि त्या पोरांनी तिला खाल्लं! रामटेककडच्या एका शाळेत म्हणे दुपारची खिचडी कुणी तोंडात घातली नाही. संध्याकाळपर्यंत माझ्या मोबाइलवर सत्तर फोन. दुसऱ्या दिवशी दोन निवेदनं निघाली. एकात म्हटलं होतं की मुलांच्या कार्यक्रमात अशुद्ध बोलून मराठीचा अपमान झाला. दुसऱ्यात म्हटलं होतं की टरबुजाला कलिंगड म्हणून विदर्भाचा अपमान झाला. दोन्ही अपमानांत माझं नाव सारखंच!

एक गोष्ट मात्र कुणाच्या निवेदनात आली नाही. आठवडाभरात स्टुडिओत पोरांची पत्रं यायला लागली. वेडीवाकडी अक्षरं, अर्ध्या वेलांट्या गायब. 'खारुताइ तु बरी हाय का.' 'तुले लागल का.' त्रेचाळीस पत्रं! ऋषिकेशने ती मला फोनवर वाचून दाखवली. "मॅडम, यांतल्या निम्म्या शाळांनी कळवलं होतं की यांना लिहिता येत नाही," तो म्हणाला आणि पहिलं पत्र पुन्हा वाचायला लागला.

आणि मग नोटीस आली. कारणे दाखवा! 'थेट प्रसारणादरम्यान आपण विनापरवानगी फळ आणून शासकीय बाहुलीचे नुकसान केले, सबब सात दिवसांत खुलासा सादर करावा.' शाळेत मधल्या सुट्टीत ती मी चार वेळा वाचली. सव्वीस वर्षांत पहिली नोटीस! डोळे भरून आले, म्हणून कागद टेबलावर ठेवला आणि पाणी प्यायला गेले.

परत आले तर करिष्मा कागदावर वाकलेली. ओठ हलत होते.

"का... र... णे. कारणे. दा... ख... वा. दाखवा."

मी दारातच थांबले. हा धडा कुणी तिला वाचून दाखवला नव्हता. पाठ करायला जागाच नव्हती. पोरगी वाचत होती! एकेक अक्षर लावून, आणि लागलं की ते पुन्हा सलग म्हणून बघत. शोभाताई आणि सुमंत सर दोघंही तिच्या एकाच तोंडात बसले होते, आणि भांडत नव्हते.

"प्र... ति. प्रति. श्री... म... ती. श्रीमती. गोपिका..." ती अडली. मान वर केली. "बाई, हे तुमचं नाही आहे."

"माझंच आहे गं. नाव वाच ना."

"नाही ना बाई. हे बघा. ढो... क... ळे. ढोकळे! तुम्ही तं ढोबळे."

मी चष्मा लावला. खरंच ढोकळे! चार वेळा वाचलं, आणि चारही वेळा मला तिथे माझंच नाव दिसलं होतं. मला आडनाव ठाऊक होतं ना, मग अक्षराकडे कोण बघतं? आणि ह्या पोरीने त्या एका 'क'ला बरोबर पकडलं होतं!

मी तिला जवळ घेतलं. शाळेतल्या सगळ्या पोरांना गोळ्या वाटल्या. घरी सांगितलं तर महादेवराव तर नाचायलाच लागले.

"सुटली ना तू! ढोकळे बाई नावाची कोणी आहेच नाही पारशिवनीत. आता चूप बस. काहीच बोलू नको."

किती साधी गोष्ट होती! नुसतं चूप बसायचं. कागद भलत्याच बाईच्या नावाचा, तिला शोधण्यात कार्यालयाची दोन वर्षं तरी गेली असती, तोवर मी निवृत्तीला टेकले असते. पण सव्वीस वर्षं लाल पेन हातात धरलंय हो. त्या कागदावर 'क'ला गोल केला, वर 'ब' लिहिलं, समासात 'नावाकडे लक्ष द्यावे' असा शेरा मारला आणि सही करून तो परत पाठवला.

तिसऱ्या दिवशी नवीन नोटीस आली. एकही चूक नाही. उलट एक मुद्दा वाढला आहे, शासकीय कागदावर लाल शाईने खाडाखोड केल्याचा.