अग्रगण्य साळू

एका जंगलात, बाळांनो, विज्ञानाची फार कदर होती. वैज्ञानिक मात्र तिथे टिकत नसत. कुणाला काही शोध लागायला लागला की तो शेजारच्या जंगलात निघून जाई. तिकडे जाऊन स्थिरावला की इकडे त्याचा सत्कार होई.

या जंगलाचे राजे होते वाघ महाराज उग्रसेन. त्यांना या गोष्टीची काही चिंता नव्हती. पण एकदा सगळ्या जंगलांच्या राजांचं संमेलन भरलं. शेजारच्या सिंहाने आपले वैज्ञानिक दाखवायला आणले होते. पाहतात तर काय, सगळे उग्रसेनांच्याच जंगलातले! त्यांनी आपल्या जुन्या महाराजांना ओळख दाखवली, पण बेताचीच.

महाराज घरी आले ते गुरगुरतच. त्यांनी सचिवांना बोलावलं. सचिव म्हणजे सुगंधराव उदमांजर. ते कुठेही पोचण्याआधी त्यांचा वास पोचायचा. पण ते सचिव असल्यामुळे सगळे त्याला सुवास म्हणत.

सुगंधरावांनी योजना आखली. नाव ठेवलं ‘व्याघ्र महाशोधवृत्ती’. जंगलातल्या अग्रगण्य संशोधकाला पोटाची, घराची, कसलीच काळजी राहू नये. त्याने फक्त संशोधन करावं. खर्च जनतेचा. अस्वलांनी मध द्यायचा, खारींनी दाणे, माकडांनी फळं. महाराजांनी आपलं नाव दिलं होतंच.

आता अग्रगण्य संशोधक शोधायचा राहिला. शोधायला फार वेळ लागला नाही, कारण मागे एकच उरली होती. ती कंटकाबाई साळू.

साळू तुम्ही पाहिली असेल. अंगभर लांब काटे, नाक सतत जमिनीला. कंटकाबाई मुळांचा अभ्यास करायची. त्या जंगलात उंबराच्या दोन राया होत्या, एक वरची, एक खालची. मध्ये अरुंद खिंड. वरच्या राईतली उंबरं एकेक करून वाळत चालली होती. कंटकाबाईने मुळं उकरून पाहिली, तर त्यांवर पांढरी बुरशी. बुरशीच झाडं मारते, इथवर तिने शोधून काढलं होतं. पण ती एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाते कशी, हे तिला उमगत नव्हतं. झाडं काही चालत नाहीत.

शेजारच्या जंगलात ती गेली नव्हती, कारण तिकडे उंबरं नव्हती. एवढं साधं कारण. पण सुगंधरावांनी आपल्या भाषणात त्याला देशभक्ती म्हटलं, आणि तिला वृत्ती जाहीर झाली.

कंटकाबाईला खरंच आनंद झाला. आता दिवसभर उकरत बसता येईल, असं तिला वाटलं.

तिला राहायला डोंगरमाथ्यावरची गुहा मिळाली. गुहा मोठी होती आणि सगळी कातळाची होती. तिथे उकरायला चिमूटभर मातीसुद्धा नव्हती. तिने तसं सांगितलं, तर सुगंधराव म्हणाले की अग्रगण्य संशोधकाने मातीत राहणं बरं दिसत नाही. मग सत्कार सुरू झाले. शाल अंगावर पडली की तिला भोकं पडायची. हार काट्यांत अडकायचे ते निघता निघायचे नाहीत. सुकलेल्या झेंडूंसकट ती पुढच्या सत्काराला जायची.

शिवाय ती अग्रगण्य, म्हणून प्रत्येक समितीच्या अग्रभागी तिला बसवायचे. पिसांच्या रंगाची समिती, आरोळ्यांच्या उंचीची समिती, समित्या कमी कशा कराव्यात याची समिती. तिने एकदा विचारलं, की माझ्या संशोधनाचं काय? सुगंधरावांनी समजावलं की तेच तर पाहायला शिष्टमंडळं येणार आहेत.

शिष्टमंडळं आली. रानगव्यांचं आलं, रानडुकरांचं आलं, परक्या जंगलातल्या हत्तींचं आलं. कंटकाबाई त्यांना वरच्या राईत फिरवायची, वाळलेली झाडं दाखवायची. मंडळी हळहळायची. मग सुगंधराव सगळ्यांना खिंडीतून खाली न्यायचे. खालच्या राईच्या तोंडाशी, गार सावलीत, जांभळाचं सरबत असायचं.

त्या सावलीच्या उंबराशेजारी भानुमती राहायची. भानुमती भेकर ही कंटकाबाईची जुनी मैत्रीण. तिची पिल्लं पडलेल्या उंबरांवर वाढत होती. एके दिवशी शिष्टमंडळ गेल्यावर तिने कंटकाबाईला थांबवलं. हरणं नेहमी आडवळणाने बोलतात, पण भानुमती सरळ बोलली.

“कंटकाताई, तुझ्या पाहुण्यांचं उरकलं असेल तर माझ्या दारचं झाड बघ जरा. पानं गळायला लागलीत.”

कंटकाबाईने हारबीर तसेच ठेवून उकरायला सुरुवात केली. किती दिवसांनी पंजाला माती लागली होती! मुळाशी पांढरी बुरशी होती. पण ती मुळांतून आलेली नव्हती. वरून, पायवाटेवरून, जिथे मंडळी सरबत पीत उभी राहायची तिथून ती आत उतरली होती.

बाजूलाच सुगंधराव पाय पसरून उरलेलं सरबत संपवत होते. कंटकाबाईने त्यांचे तळवे पाहिले. नखांत पांढरे तंतू. मग तिने आपले मागचे पंजे उलटे केले. तिथेही तेच.

झाडं चालत नव्हती. पाहणारे चालत होते. आणि पाहणारे कुणामुळे आले होते, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती बराच वेळ भानुमतीकडे बघू शकली नाही.

मग मात्र ती कामाला लागली. तिने झाडाभोवती खोल चर खणला. पंजे ओढ्यात खळखळून धुतले. भानुमतीला म्हणाली, “हे झाड जाणार. बाकीची राहतील, फक्त वरून इकडे कुणी येता कामा नये.” आणि ती सुगंधरावांना सांगायला गेली.

सुगंधराव ऐकून इतके खूश झाले की त्यांचा सुवास लांबवर गेला. वृत्तीतून शोध निघाला होता. तो थाटात जाहीर व्हायलाच हवा होता. त्यांनी तिथल्या तिथे कार्यक्रम ठरवला. महाराज सगळ्या जंगलाला घेऊन आधी वरची राई बघतील, मग मिरवणूक खिंडीतून खालच्या राईत येईल. आधी दुःख, मग आशा. घोषणा राईच्या मधोमध, सगळ्यात मोठ्या उंबराखाली.

“सुगंधराव, बुरशी पायांनी पसरते. हाच शोध आहे,” कंटकाबाई म्हणाली.

“तोच तर जाहीर करायचा आहे,” सुगंधराव म्हणाले.

तिने पुष्कळ समजावलं. सुगंधरावांनी पुष्कळ मान डोलावली आणि मिरवणुकीत ढोल असावेत की तुताऱ्या, यावर तिचं मत विचारलं.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. महाराजांच्या मागे अख्खं जंगल वरच्या राईत तुडवातुडव करून आलं. ढोल वाजत होते, तुताऱ्याही होत्या. मिरवणूक खिंडीशी आली आणि थांबली. खिंडीत कंटकाबाई उभी होती. काटे ताठ उभारलेले, एकमेकांवर आपटून खडखड वाजणारे. आणि महाराजांकडे तिची पाठ होती.

समोर भानुमतीची पिल्लं दिसत होती, मागे वाघाचा श्वास ऐकू येत होता. पळून जावंसं तिला फार वाटलं. पण काटे फुलवले की खिंड नेमकी तिच्याच मापाची होत होती.

“कंटकाबाई, तोंड इकडे करा,” महाराज म्हणाले.

“महाराज, साळूला जे सांगायचं असतं ते या बाजूनेच सांगावं लागतं,” ती म्हणाली.

मागे कुठेतरी माकडं हसली. महाराजांना ते सहन झालं नाही. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि त्यांच्या नाकात काटा घुसला. राजाच्या नाकात काटा असताना कुठल्याही शोधाची घोषणा करता येत नाही. मिरवणूक वळली आणि आल्या वाटेने परत गेली.

वृत्ती त्याच दिवशी रद्द झाली. संशोधकाने राजाला पाठ दाखवली, असं कारण देण्यात आलं. गुहा काढून घेतली, शाली भोकांसकट परत मागवल्या. महाराजांचा राग इतका होता, की त्या खिंडीकडे कुणी फिरकायचं नाही, असा हुकूम सुटला. कंटकाबाई नेमकं हेच मागत होती. तिने हुकूम निमूटपणे ऐकून घेतला.

पावसाळा गेला, उन्हाळा गेला. भानुमतीच्या दारचं झाड वाळलं. पण चराच्या पलीकडे खालची राई हिरवीगार राहिली.

राई हिरवी राहिली, तेव्हा एक समिती बसली. तिने निष्कर्ष काढला की रोग असा काही नव्हताच, वाळलेली उंबरं वयाने वाळली, कंटकाबाईंनी उगीच घबराट पसरवली. मग पुढची महाशोधवृत्ती खुद्द सुगंधरावांना मिळाली. विषय होता, खालची राई हिरवी का राहिली. त्यांनी सखोल अभ्यासाअंती दाखवून दिलं, की महाराज खिंडीपर्यंत आले होते त्याचा हा परिणाम. पुढच्या वर्षी महाराजांनी थेट आत जावं, अशी शिफारसही ते करणार होते, पण महाराजांचं नाक अजून दुखत होतं.

कंटकाबाई आता ओढ्याकाठी एका बिळात राहते. एका सकाळी भानुमती तिच्याकडे गेली, तर ती एका जांभळाच्या बुंध्याशी उकरत होती. अंगावर माती, चेहरा खुललेला. भानुमतीने विचारलं, काय सापडलं?

कंटकाबाईने आधी इकडेतिकडे पाहिलं. “काहीतरी आहे खरं. पण कुणाला बोलू नकोस. कळलं तर वृत्ती देतील.”

तात्पर्य: रोगावर उपाय सापडलाच, तर थोडा रोग शिल्लक ठेवावा. पूर्ण बरा केला, तर तो होता हे सिद्ध करायला पुराव्यादाखल काहीच उरत नाही.