सातवी थाप

घड्याळजी तालमीला पोहोचले तेव्हा दिग्दर्शक दारातच उभा होता.

"परवाच्या प्रयोगात काय झालं तुम्हाला? सहावी थाप चक्क खाल्लीत!"

नाटक जुनं, विनोदी. नायक बायकोला एक थाप मारतो आणि ती पचवायला आणखी दहा मारतो, एवढीच गोष्ट. घड्याळजी बावीस वर्षं नायकाचं काम करत होते. झोपेतून उठवलं तरी अकराच्या अकरा थापा ओळीने म्हणायचे. या वर्षी मात्र त्या गळायला लागल्या होत्या.

हे सांगणार कसं? ते म्हणाले, "विंगेतून शब्द ऐकूच आला नाही. कान जरा कमी झालाय."

विंगेत वही घेऊन त्यांची बायकोच बसायची. तिने दिलेला शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला होता. तरी ती म्हणाली, "माझाच आवाज बसला होता."

दिग्दर्शकाने मनावर घेतलं. पुढच्या प्रयोगाला त्याने कानात बसवायचं एक यंत्र आणलं आणि बायकोच्या हाती माईक दिला. घड्याळजींचे कान ठणठणीत. तिची कुजबुज त्यांच्या डोक्यात ढोलासारखी वाजू लागली. ते दोनदा दचकले, लोकांना तो अभिनय वाटला. तिसऱ्यांदा दचकले तेव्हा यंत्र उडून नाटकातल्या बायकोच्या चहात पडलं.

तिने कप बाजूला सारला. "बोला, काल कुठे होतात?"

सातवी थाप काही केल्या येईना.

"खरं सांगू? मला आठवत नाही."

हशा पिकला.

"हसू नका हो. आज सकाळी माझ्याच दुकानावरून दोनदा गेलो. पाटी वाचली. दुकान कुणाचं तेच कळेना."

नाट्यगृह डोक्यावर घेतलं लोकांनी. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ हसून हसून डोळे पुसत होते. विंगेत बायकोने वही मिटली.

रंगपटात दिग्दर्शकाने त्यांना मिठीच मारली. "बावीस वर्षांत असा हशा नाही! आता हे कायम ठेवायचं."

घरी जाताना बायकोने विचारलं, "दुकानाचं खरं होतं का हो?"

"छे गं! तोंडाला आलं ते बोललो."

"तेच म्हटलं मी."

कोपऱ्यावर ते भलत्याच गल्लीकडे वळले. तिने हात धरला. "इकडून जाऊ. तिकडे रस्ता खणलाय."

रस्ता कुठेच खणलेला नव्हता.

पुढच्या प्रयोगाला खुर्च्या कमी पडल्या. एकाने दुसऱ्याला सांगितलं होतं, सगळे त्या जागेची वाट पाहत होते. नाटकातल्या बायकोने विचारलं, "काल कुठे होतात?" घड्याळजींचा चेहरा उजळला. सातवी, आठवी, थेट अकरावीपर्यंत, काना-मात्रा न चुकता त्यांनी थापा म्हटल्या. कुणी हसलं नाही. मागून कुणीतरी जांभई दिली.

पडदा पडताच दिग्दर्शक धावत आला. "अहो, ते नवं वाक्य का नाही घेतलंत?"

घड्याळजी मिशी काढता काढता थांबले. "कुठलं नवं वाक्य?"

"मीच सांगितलं होतं त्यांना," बायको घाईने म्हणाली, "घेऊ नका म्हणून."