आधी बोलेल तो हरला

"तुम्ही रविवारी गडहिंग्लजला जाणार, चहा पिणार आणि ते म्हणतील त्याला 'हुंदे की' म्हणून परत येणार. मला म्हाईत हाय, अप्पा," सुष्मिता म्हणाली आणि तिनं ताट पुढे सारलं.

इराप्पांनी बायकोकडे पाहिलं. महादेवी भाकरी थापत होती. तिनं परातीतून मान वर केली नाही, म्हणजे तिलाही तसंच वाटत होतं.

पोरीचं मागणं फार नव्हतं. सोमेशचं स्थळ तिला पसंत होतं. गडहिंग्लजच्या मिरचीच्या पेढीवर बसणारा कमी बोलणारा मुलगा. बघायला आला तेव्हा घाबरून पोह्यांतले शेंगदाणे एकेक वेचून खात होता, तेच तिला आवडलं होतं. फक्त तिचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू होतं, परीक्षा दिवाळीच्या तोंडावर होती, आणि मुलाकडच्यांनी वैशाखातच बार उडवायचं मनावर घेतलं होतं. एकदा सासरी गेल्यावर कसली परीक्षा आणि कसलं काय! 

"स्थळ मोडू नका आणि परीक्षा बुडवू नका. एवढं एक मागून आणा. बाकी मला काय बी नको," ती म्हणाली.

एवढं एक! पण इराप्पांना जन्मात कधी काही मागता आलं नव्हतं. हॉटेलात वेटरनं दुसऱ्याचा डोसा पुढे ठेवला तर ते तो मुकाट्यानं खात. शिंप्यानं सदरा ढगळ शिवला, तर परत करायचं सोडून हे आपण जाड व्हायची वाट बघत. आणि असा माणूस कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, एका कारखान्याच्या खरेदी खात्यात कारकून होता. देव कुणाला कुठं बसवील, सांगता येत नाही.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात कंपनीनं अख्ख्या खरेदी खात्याला दोन दिवसांच्या शिबिराला धाडलं. दोन हजार चार साल होतं आणि कंपन्यांना तेव्हा माणसांना शिकवायची भारी हौस आली होती. विषय होता वाटाघाटींचं कौशल्य. शिकवायला पुण्याहून सर आले होते. बाकीचे लोक जेवणात गोड काय आहे याचा अंदाज बांधत बसले होते. इराप्पा मात्र पहिल्या रांगेत कान टवकारून बसले. माणसाला मागायला शिकवता येतं, हेच त्यांना नवल होतं.

"आपल्याला काय हवंय ते समोरच्याला कळता कामा नये," सर म्हणाले. "गप्प बसा. जो आधी बोलला, तो हरला. शांतता माणसाला सहन होत नाही. समोरचा आपण होऊन एकेक पाऊल मागे सरकतो. आणि अगदीच नाही जमलं, तर उठा आणि चालू लागा. दारापर्यंत पोहोचायच्या आत हाक येतेच."

इराप्पांनी हात वर केला. "आणि हाक न्हायच आली तर?"

"येतेच," सर म्हणाले आणि जेवणाची सुट्टी झाली.

शिबिर संपलं त्या संध्याकाळी इराप्पांनी प्रयोग करून बघायचं ठरवलं. ते कोल्हापुरातल्या घरी जायला रिक्षात बसले आणि समोर बघत राहिले.

"कुठं जायाचं, मामा?" रिक्षावाल्यानं विचारलं.

इराप्पा गप्प.

"मामा, कुठं सोडू?"

इराप्पा गप्पच. आता हा आपण होऊन भाडं कमी सांगणार, म्हणून ते श्वास रोखून बसले. रिक्षावाल्यानं वळून त्यांचा चेहरा पाहिला आणि तो दचकला. कोल्हापुरात माणूस दोनच कारणांनी गप्प बसतो, एक तर त्याचं कुणाशी तरी कायमचं बिनसलेलं असतं, नाही तर त्याची वेळ भरत आलेली असते. "छातीत दुखतंय व्हय? घाबरू नका, मी हाय!" असं ओरडत त्यानं हॉर्नवरचा हात न काढता रिक्षा थेट सरकारी दवाखान्याच्या दारात नेली. तिथल्या दोघांनी इराप्पांना उचलून चाकाच्या खुर्चीत बसवलं तेव्हा कुठं त्यांचं तोंड उघडलं. "राजारामपुरी," ते म्हणाले.

रिक्षावाल्यानं त्यांना घरी आणून सोडलं आणि एक पैसा घेतला नाही.

"बघितलंस? सरांचं खरं हाय," इराप्पा महादेवीला म्हणाले.

"अवो, त्यानं तुम्ही जाताय असं समजून फुकट आणलं!"

"कारण काय का असंना. पाऊल मागं सरकलं का न्हाय?"

सुष्मिता दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "गप्प बसल्यावर खरंच देत्यात, अप्पा?" तिनं कुतूहलानं विचारलं. 

"शास्त्र हाय त्याचं," इराप्पा म्हणाले.

रविवारी सकाळच्या एसटीनं इराप्पा, महादेवी आणि इराप्पांची थोरली बहीण आक्का अशी तिघं निघाली. आक्का पन्नाशीतल्या भावाला अजून कानडीत 'तम्मा', म्हणजे धाकट्या, म्हणत असे. इराप्पांनी वाटेतच दोघींना ताकीद दिली, की परीक्षेचा विषय कुणी काढायचा नाही.

"आरं तम्मा, मग आपण निघालोय कशाला?" आक्कानं विचारलं.

"तेच त्यास्नी कळता कामा नये."

आक्कानं महादेवीकडे पाहिलं. महादेवीनं खिडकीबाहेर पाहिलं.

सोमेशच्या वडिलांचं, चन्नाप्पांचं घर म्हणजे पुढे पेढी आणि मागे राहणं. पुढच्या सोप्यातच, बैठकीच्या जागेत, यंदाच्या मिरचीची पोती छपरापर्यंत रचलेली. घरच्यांना त्या तिखट धुळीची, खकाण्याची जन्मापासूनची सवय. येणाऱ्याच्या मात्र उंबऱ्यातच नाकाला झिणझिण्या यायच्या. चन्नाप्पांच्या बायकोनं, शांतव्वांनी, बायकांना घर दाखवायला आत नेलं. सोप्यात उरले इराप्पा, चन्नाप्पा आणि कोपऱ्यात अंग चोरून बसलेला सोमेश.

चन्नाप्पा आवाजानं मोठे आणि मनानं मोकळे. त्यांनी सरळ विषयाला हात घातला. "मग इराप्पाण्णा, वैशाखात उडवून टाकूया बार. काय म्हणतासा?"

इराप्पा गप्प बसले. पहिली काही पळं ठरवून बसले, मग त्यांच्या नाकात मिरचीचा खकाणा शिरला. लग्नाची बोलणी चाललेली असताना शिंकणं म्हणजे अपशकुन. ज्या स्थळाच्या बोलण्यात शिंक येते ते टिकत नाही, असं त्यांची आई सांगायची. त्यांनी नाक दाबलं, ओठ आवळले. तोंड लाल झालं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

चन्नाप्पांचा चेहरा पडला. मुलीचा बाप समोर मुका बसून रडतोय, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना एकच कारण सुचलं.

"अवो पावणं, खर्चाचं मनाला लावून घेऊ नकासा! हुंडा-बिंडा आमच्यात न्हाय. लग्नाचा खर्च निम्मा-निम्मा करूया."

इराप्पांच्या मनात एकदम उजेड पडला. सरकलं की पाऊल! पण तोंड उघडलं की शिंक बाहेर, म्हणून ते गप्पच राहिले. पाणी वाहतच होतं.

"बरं, सगळा खर्च आमचा! झालं?" चन्नाप्पांचा स्वर कातर झाला. "मग आता वैशाखापतोर तरी कशाला थांबायचं? तुम्हाला जुळवाजुळव करायची म्हणून म्हटलं हुतं वैशाख. पाडवा झाला की करू!"

इराप्पांनी डोळे विस्फारले. पाऊल मागे सरकत होतं खरं, पण तारीख अलीकडे पळत येत होती. त्यांनी जोरजोरात मान हलवली.

"दागिनंबी आमचंच," चन्नाप्पांनी त्या मान हलवण्याचा आपल्या परीनं अर्थ लावला. "मांडव आमच्या दारात, आचारी आमचा. तुम्ही निसतं पोरीला घेऊन या. पाडवा तरी कशाला? येत्या पंधरवड्यातच उरकू! सोमेश, भटजी... न्हाय, अय्यास्नी निरोप धाड!"

लिंगायतांच्या लग्नात भटजी नव्हे, जंगम अय्या लागतो, हे भरल्या मनानं चन्नाप्पासुद्धा विसरले होते. इराप्पा हातवारे करू लागले. चन्नाप्पांनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "आता उपकार मानू नकासा. गप म्हंजे कबूल! शांते, साखर आण गं, तोंड गोड करूया!"

आता साखर तोंडात पडली की बोलणी पक्की. आतून वाटीचा आवाज आला. इराप्पांना सरांचं शेवटचं हत्यार आठवलं. ते ताडकन उठले आणि दाराकडे चालू लागले.

उंबऱ्यापर्यंत हाक आली नाही. ते बाहेर आले आणि एकामागून एक अशा काही शिंका दिल्या, की शेजारच्या छपरावरची कबुतरं उडाली. मग त्यांनी सावकाश चपला शोधल्या. डावी घातली. काढली. परत घातली. हाक येतेच, सर म्हणाले होते. त्यांनी उजवीचा अंगठा नीट केला, चांगला असूनही.

चन्नाप्पा बाहेर आले. पण गडहिंग्लजची रीत अशी, की निघालेल्या सोयऱ्याला अडवायचं नाही, मानानं पोचवायचं. "जायाचंच हाय तर उन्हातनं चालत नको," ते जड आवाजात म्हणाले. "सोमेश, पावण्यास्नी स्टँडवर सोड. बायका जेवून सावकाश येत्याल, मी जीपनं पोचवतो." शांतव्वांनी धावत येऊन इराप्पांच्या हातात मिरचीची पिशवी दिली. "यंदाची हाय. न्हेवा," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

बघता बघता इराप्पा मोटारसायकलवर मागे बसले होते, मांडीवर मिरची घेऊन. आपल्या पोरीची परीक्षा गेली, आता स्थळही गेलं, असं त्यांच्या मनात आलं आणि या वेळी खरोखरच त्यांचे डोळे भरले.

स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागलेलीच होती. सोमेशनं धावत जाऊन खिडकीतून आपला रुमाल टाकून जागा धरली, इराप्पांना दारापर्यंत आणलं आणि खाली मान घालून विचारलं, "मामा, माझं काय चुकलं काय?"

कंडक्टरनं घंटी मारली. इराप्पांचा एक पाय पायरीवर होता. पुण्याचे सर, शिबिर, शास्त्र, सगळं त्यांच्या डोक्यातून एका झटक्यात निघून गेलं.

"आरं बाबा, माझ्या पोरीला परीक्षा दिऊ दे रं!" ते एवढ्या जोरात ओरडले, की ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. "दिवाळीला परीक्षा हाय तिची! परीक्षा झाल्यावर लगीन करा! मला दुसरं कायबी नको!"

सोमेश त्यांच्याकडे बघतच राहिला. "एवढंच? मग घरात का न्हाय बोललासा?"

"आधी बोलेल तो हरतो म्हणून!"

"कोण म्हणलं?"

"ते मागनं सांगतो. गाडी फिरव."

रुमाल एकटाच कोल्हापूरला गेला.

चन्नाप्पा सोप्यात साखरेची वाटी समोर घेऊन सुन्न बसले होते. आक्का आणि महादेवी ताटावर बसायचं की नाही या विचारात उभ्या होत्या. इराप्पांनी उंबऱ्यातूनच, खकाणा नाकात जायच्या आत, एका दमात सांगून टाकलं, "सुष्मिताची परीक्षा झाल्याबिगर लगीन न्हाय! मार्गशीर्षात करायचं!"

मग चन्नाप्पा असे हसले, की पोत्यांवरची धूळ हलली.

"मग मघापासनं ह्ये बोलायला काय झालतं? अवो, मी तीस वर्सं मिरची विकतोय. गिऱ्हाईक तोंडच उघडंना झालं, तर त्याला संकेश्वरी पायजे का ब्याडगी, मला काय सपान पडतंय व्हय?"

"आणि नर्स व्हायला निघालेल्या पोरीची परीक्षा कोण बुडवंल?" शांतव्वा म्हणाल्या. "इचारायचं तरी हुतं की!"

"मी एसटीतच इचारलंतं," आक्का म्हणाली.

मार्गशीर्ष ठरला. साखर वाटली. सगळा खर्च आमचाच, असं चन्नाप्पा पुन्हा म्हणाले तेव्हा इराप्पा लाजून म्हणाले, "न्हाय न्हाय, निम्मा-निम्मा हुंदे की." महादेवीनं कपाळाला हात लावला.

संध्याकाळी घरी पोचल्यावर इराप्पांनी मिरचीची पिशवी सुष्मिताच्या हातात दिली आणि छाती पुढे काढून सांगितलं, "मार्गशीर्षात. परीक्षा झाल्यावर. मागून आणलं!"

सुष्मितानं पिशवीचं तोंड सोडून आत डोकावलं होतं. ती काही बोलली नाही. तिनं ओठ घट्ट मिटले, तोंड लाल झालं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

इराप्पा घाबरले. "काय गं? आनंद न्हाय झाला?"

सुष्मिता गप्प.

"बरं, लग्नानंतर नोकरी कर. घरी बसायचं न्हाय. मी सांगतो चन्नाप्पास्नी."

सुष्मिता गप्पच. पाणी वाहतच होतं.

"बरं, फुडं आणखी शिकायचं म्हटलीस तरी शीक! तेबी मागतो मी. आता मला मागाय येतंय. पण रडू नको बाळ!"

तेवढ्यात सुष्मिताला दणदणीत शिंक आली. मग दुसरी, मग तिसरी. तिनं पिशवी लांब धरली आणि बाहीनं नाक पुसलं.

"लई तिखट हाय मिरची, अप्पा," ती हसत म्हणाली. "पण नोकरीचं आणि शिकायचं बोललासा, ते आता मागं घ्यायचं न्हाय."

इराप्पांनी पोरीकडे पाहिलं, मिरचीकडे पाहिलं.

"हुंदे की," ते म्हणाले.