शेवटल्या वळणी नणंद-भावजयींच्या टकरीचा इनसाफ

श्री. वर्तमान लिहिले जाते ते ऐसे, जे मोटारींच्या शर्यतीत दोन गाड्या एकमेकींस भिडल्या, आणि वाकले पत्रे ठोकोन सरळ जाहले, परंतु कसूर कोणाचा हे ठरवितां थोर पंचांची मती गुंग जाहली. ते सकळ ध्यानी यावे म्हणोन मुळापासोन निवेदन करणे प्राप्त.

एक गॅरेजवाले होते, ग्रीसमंडित, पानाबहाद्दर. त्यांचे पदरी शर्यतीच्या दोन गाड्या. एकीवर खासा कबिला, म्हणजे पत्नी, वहिनीसाहेब, दुसरीवर धाकटी भगिनी ताईसाहेब. गॅरेजवाले इंजिनापुढे वाघ, आणि घरी मेणाहून मऊ. भगिनीने पुसावे, वळण कोणाचे सुबक, तर म्हणावे तुझेच. मग कबिल्याने पुसावे, तर तिसही तुझेच. एकीचा जबाब दुसरीच्या कानी जाऊ नये म्हणोन रेडिओही दोघींस वेगळे दिले, आणि या बंदोबस्ताने घरी शांतता नांदत होती.

मग शर्यत जाहली. शेवटल्या फेरीस वहिनीसाहेब आघाडीस, ताईसाहेब पाठीस चिकटोन, आणि तिसरे दातांचे डॉक्टर, ते बहुत मागे, सावकाश येत होते. वळण समीप येतां भगिनीने रेडिओवर पुसिले, "दादा, आतून घुसू का? वहिनी जागा देईल ना?"

"देईल. घुस."

हा जबाब देतात तोच दुसऱ्या रेडिओवर कबिल्याचा सवाल आला, "अहो, मी आत वळतेय. वन्सं थांबतील ना?"

"थांबेल. वळ."

बोलोन चुकल्यावर उमज पडली, परंतु तोवर रणकंदन होऊन गेले. एकीचे चाक निखळोन टायरांच्या ढिगावर चढले, दुसरी गरगर फिरोन आल्या वाटेकडे तोंड करोन राहिली, आणि दातांचे डॉक्टर दोहींमधून अदबीने वाट काढीत, वळावयाचा दिवा लावोन, पहिले आले.

मग पंचांच्या कचेरीत हुजूर तलब जाहली. कचेरी म्हणजे पत्र्याची खोली, एक पडदा आणि खडखडणारा पंखा. मुख्य पंच पूर्वी गाडी शिकविणारे मास्तर, त्यामुळे मनुष्यमात्रावरील त्यांचा विश्वास उडालेला. त्यांनी फर्माविले, की जिचा कसूर, तिस अंतिम शर्यतीत मनाई. त्या शर्यतीसाठी दोघी वर्षभर झटल्या होत्या, म्हणोन दोघींचे चेहरे उतरले आणि आवाज चढले. ताईसाहेबांनी कैफियत दिली, की दार उघडे दाखवोन तोंडावर लाविले; वहिनीसाहेबांनी दिली, की बंद दारातून शिरणे हा कोठला रिवाज; आणि मग मजकूर वळणावरोन घरी गेला, व इस्त्री नेऊन परत न केल्याचा जुना दावा उपस्थित जाहला. इस्त्री या कचेरीच्या अखत्यारीत नाही, ऐसा हुकूम होऊन पडद्यावर चित्र दाविले. पुन्हा दाविले. गाड्या अगदी बरोबरीने होत्या. तेव्हां गॅरेजवाल्यांस पुसिले, कसूर कोणाचा.

गॅरेजवाल्यांनी घाम पुसिला आणि, बहुत वर्षांच्या सवयीने, दोघींचेही बरोबर ऐसे सांगितले.

तेणेकरोन पंच संतापले, आणि दोघींचे बरोबर तर दोघींचे चूक, दोघींसही मनाई, म्हणोन लेखणी उचलिली. भगिनीने शिरस्त्राण काखेतून काढोन खाली ठेविले. कबिल्याने हातमोजे काढोन टेबलावर ठेविले. ते देखोन गॅरेजवाले पुढे जाहले.

"थांबा," ते बोलिले. "मीच दोघींना जा म्हणालो. मला कुणालाच नाही म्हणता येत नाही."

मग नणंदेने भावजयीकडे पाहिले, भावजयीने नणंदेकडे, आणि परस्परांवर चालोन गेलेल्या उभय फौजा एक होऊन गॅरेजवाल्यांवर वळल्या. पंचांनी निवाडा दिला, की चालविणारणी बेकसूर, उभयतांनी अंतिम शर्यत खेळावी. गॅरेजवाल्यांचे रेडिओ जप्त. आणि दोघींनी जे बोलणे ते थेट एकमेकींशी बोलावे.

बाहेर मोडक्या गाड्यांपाशी दोघींनी त्यांस गाठिले.

"आता खरं सांगा," वहिनीसाहेब म्हणाल्या. "वळण कोणाचं चांगलं?"

जुना जबाब जिभेवर आला होता, तो त्यांनी मोठ्या शर्थीने गिळिला.

"ताई, तू ब्रेक फार उशिरा लावतेस. आणि तू," ते कबिल्यास बोलिले, "आरशात बघतच नाहीस."

येणेप्रमाणे थोर रणसंग्राम होऊन सत्याची फत्ते जाहली. फत्ते करणाराशी घरी अद्याप कोणी बोलत नाही. परंतु त्या दोघी एकमेकींशी तासन्‌तास बोलतात, आणि गॅरेजवाले आतल्या खोलीत बसोन ते ऐकतात व समाधान पावतात. घडले ते लिहिले असे.