गफूरभाईची गाडी

गफूरभाईसोबत कधी पायी बाजाराला निघू नका. मोकळ्या शेतात, जिथं झाड नाही की माणूस नाही, तिथं हा बाबा एकदम थांबतो आणि तुम्हालाही दंडाला धरून थांबवतो. "काऊन हो?" म्हटलं तर म्हणतो, "सिंगल नाही पडला अजून."

सिंगल कशाचा? आमच्या गावावरून जंक्शन ते शहर अशी एक फाट्याची रेल्वे जायची. ती बंद पडून जमाना झाला. रूळ उपटून नेले. टेसनाच्या विटा कोणी कोणी नेल्या ते मी सांगणार नाही, कारण चार माझ्या चुलीलाही आहेत. आता उरलाय तो नुसता मातीचा उंच बांध. गफूरभाई त्या रेल्वेत पाणीवाला होता. आमच्या टेसनावर इंजिनात पाणी भरायचं काम त्याचं. अजूनही शहरात जायचं तर तो सडक सोडून बांधावरूनच जातो, तेही गाडीच्या चालीनं. चढ आला की धापा टाकतो, तब्येत ठणठणीत असली तरी. नाल्यावरच्या मोरीवर पाय ठेवला की मागच्यांवर ओरडतो, "हात अंदर घ्या! मुंडकं बाहीर काढू नका!"

एकदा त्याच्या पुतण्यासाठी पोरगी पाहायला आम्ही पाच जण निघालो. पोचलो तेव्हा त्यांचे पोहे वातड होऊन गेले होते.

"सकाळीच निघाले होते ना तुमी?" पोरीच्या बापानं विचारलं.

"निघालो टायमावर," गफूरभाई शांतपणे बोलला. "मधात मालगाडीले रस्ता द्या लागला."

ती सोयरीक जमली नाही.

शाळेचे मास्तर रेल्वेचा इतिहास लिहायला त्याच्याकडं आले होते. "कोणत्या साली सुरू झाली गाडी?"

"साल मले काय माहीत, गुरुजी? देऊळघाटचा वांगेवाला टोपलं डब्यात इसरला अन् गाडीमागं पुढच्या टेसनापर्यंत पळत गेला, ते साल लिहा."

मास्तरांनी वही मिटली. माझ्यासारख्या चौथी पास माणसाला विचारलं तर इतिहास एवढाच, की कापूस न्यायला गाडी आली, ट्रक आले तशी रिकामी धावू लागली, आणि एक दिवस आलीच नाही. पण गफूरभाईजवळ निराळाच माल. कोण उतरलं, कोण चढलं, कोणाच्या काखेत कोंबडी होती. मी त्याला तोंडावर येडा म्हणायचो. मला गोड बोलता येत नाही.

मग चैतात माझी बायको सुमन गेली.

त्यानंतर एक भलतंच झालं. तिचं दुखणं आठवे, दवाखाना आठवे, पण ती नवरी होऊन आली तो दिवस काही केल्या आठवेना. लग्नाचा फोटो नाही. वरातीतलं कोणी जिवंत नाही. डोळे मिटले की खाटेवरची म्हातारीच दिसायची. मला वाटू लागलं, आता पहिली सुमन कायमचीच गेली. ती त्या गाडीनंच आली होती, एवढं मात्र पक्कं माहीत होतं. म्हणून दिवाळी झाल्यावर गफूरभाईकडं गेलो.

"सुमन उतरली तेव्हा कशी होती, तेवढं सांग बाबा."

"असं बसल्या जागी नाही येत आठवून, किसनभाऊ. जंक्शनाकडून या लागते. भाभी तिकडूनच आल्या होत्या."

एस्टीनं जंक्शनाला गेलो आणि बांधावरून पायी परत निघालो. सकाळचं धुकं होतं. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, त्याच्या पांढऱ्यात बांध तरंगतोय असं वाटे. गफूरभाई थांबला की मी थांबे. मोरीवर मी न सांगता हात आत घेतले. दुपारपर्यंत पायांना ठेका लागला आणि मातीखालून काहीतरी धडधडतंय असं मलाही वाटायला लागलं. आमचं टेसन होतं तिथं आलो तसा तो उभा राहिला आणि डोळे बारीक करून बोलू लागला.

"तिसरा डबा. हिरवं लुगडं. नव्या चपला चावून राह्यल्या होत्या, तं हातात घेतल्या होत्या. भाभीचा भाऊ डब्यातच, तो पुढं शहरात कापसाच्या जिनात कामाले चालला होता. भाभी खाली, तो खिडकीत, हातात हात. अन् तुमी बैलगाडीवरून ओरडून राह्यले होते, 'चाल ना वं, बैलं तापले!'"

"मी ओरडलो?"

"हाव. नवे होते तुमी."

"मग?"

"मंग काय. इंजिनाची टाकी भरली होती. पण मी नळ बंदच नाही केला. पाणी खाली वाहे, डायवर शिव्या दे. म्हटलं, देऊ दे. पोरगी बोलून राह्यली. हात सुटला तवा नळ फिरवला. साहेबानं आठ दिवस घरी बसवलं मले."

चपला हातात घेतलेली, रडून नाक लाल झालेली ती पोरगी मला दिसली. अगदी समोर. मी तिथंच बांधावर बसलो.

गफूरभाईही शेजारी टेकला. म्हणाला, "त्या गेल्या त्या दिवशी आलतो मी तुमच्या दाराशी. लय गर्दी होती, सोयरेधायरे. मले कोण इचारते? मागच्या मागं फिरलो." मग खालमानेनं, "शेवटी काय बोलल्या भाभी?"

हे मला पोरांनीही विचारलं नव्हतं. मी सांगितलं. दवाखान्यात बाजूच्या खाटेवरच्या बाईला चहा दिला का, असं तिनं विचारलं होतं. मी दिला नव्हता, पण दिला म्हटलं.

"अजून सांगा," गफूरभाई म्हणाला. "पुतण्या शहरात राह्यला गेल्यापासून घरी माह्याशी बोलाले कोणी नाही."

मी डोळे पुसले आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.