लोखंडी पोपट, बाजू दुसरी

एखादी चीज अस्सल असली की ती कुणाच्याही गळी उतरवता येते, असं माझं ठाम मत होतं! मी चांगदेव. पारगावात रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आहे माझं. आलेला प्रत्येक टेप मी 'आयर्न पॅरट्स' या विलायती रॉक बँडच्या कॅसेटवर तपासायचो. त्यांचं गाजलेलं गाणं एकच, पहिल्या बाजूवरचं पहिलं. बाकीची त्यांच्या घरच्यांनी तरी ऐकली असतील का, शंकाच आहे! पण माझा जीव दुसऱ्या बाजूवर. सगळी संथ, हळवी गाणी!

दुकान घराच्या पडवीतच, त्यामुळे आमच्या मंडळींना, वैजयंतीला, ती रोज ऐकावी लागायची. २००२ च्या दिवाळीनंतर तिनं हात टेकले.

"अहो, पयली बाजू एक येळ ठीक हाय. पण ती दुसरी रडकी बाजू जागचा न हलता ऐकणारा एक माणूस दाखवा मला! न्हाईतर तुमचा लोखंडी पोपट बंबात जाणार!"

"एक? दहा दाखवतो!"

झालं! रविवारी दुपारी भेळेचं आमिष दाखवून अकरा श्रोते जमवले. मंडपवाल्याचा कर्णा दुरुस्तीला आलेला, तो छपरावर चढवला. मतं लिहायला वही घेतली आणि दुसरी बाजू लावली.

"कोण गेलं वो ह्याचं?" शेजारच्या हौशीरामनं हळूच विचारलं.

"कुणी न्हाई गेलं! प्रेमाचं गाणं आहे ते!"

"मंग तीच गेली असंल," हौशीराम म्हणाला आणि त्यानं भेळेत आणखी कांदा मागितला.

दुसऱ्यानं मत दिलं, "ढोलवाला बरा हाय राव, पण त्याला झोप आलीया."

भेळ संपली तसे श्रोते गळायला लागले. तिसऱ्या गाण्याला सात उरले, चौथ्याला तीन! वैजयंती दारात उभी राहून बोटांवर मोजत होती. मी घाबरलो, बाजू पालटली, गाजलेलं गाणं लावलं आणि आवाज पार शेवटपर्यंत पिळला. कर्णा नीट करायला मी स्वतः छपरावर चढलो.

या गाण्याच्या सुरुवातीलाच गायक अशी किंकाळी फोडतो, की जणू पायावर वरवंटाच पडलाय! आणि कर्ण्याचं तोंड नेमकं हौशीरामच्या उसाकडं. त्या वर्षी उसात बिबटे इतके झाले होते, की शेतात जाताना माणसं रेडिओ लावून जायची.

"बिबट्यानं माणूस धरला रं!" कुणीतरी बोंब ठोकली.

पाच मिनिटांत निम्मं गाव काठ्या आणि पत्र्याचे डबे घेऊन हजर!

"अरे, गाणं आहे ते!" मी छपरावरून ओरडलो.

"चांगदेवला वरून दिसतोय! कुठं हाय, भाऊ?"

"न्हाई, न्हाई!" म्हणून मी हात हलवला, तर माझा हात हलला त्या दिशेला सगळी माणसं डबे बडवत उसात घुसली! आणि काय सांगू मंडळी, खरंच उसातून बिबट्या बाहेर पडला! तोंडातली शेळी टाकून त्यानं एका उडीत कालवा ओलांडला.

शेळी बयाबाईंची. एकट्या बाईचा सगळा संसार त्या शेळीवर. जखमी शेळीला पोटाशी धरून म्हातारी रडायला लागली.

"चांगदेवा, त्या वरडणाऱ्या लेकराला माजा आशीर्वाद कळव रं! माज्या शेळीसाटी किती कळवळून वरडला!"

आजवर त्या गायकाला इतक्या मनापासून कुणी दाद दिली नसेल.

दुसऱ्या दिवसापासून दारात मेथी काय, कांदे काय, दूध काय! कॅसेट पाळीपाळीनं शेतांवर जायला लागली. गावाचे आभार किती मानू, असं झालं मला. पण सगळे वाजवायचे तेच एक गाणं, आणि वैजयंती रोज विचारायची, "दुसरी बाजू कुणी ऐकली?"

मग एक दिवस हौशीराम धापा टाकत आला. आपोआप बाजू पालटणारा टेप बांधावर ठेवून तो मोटर बंद करायला गेला होता.

"चांगदेव, दुसरी बाजू लागली अन् बिबट्या आला राव! टेपम्होरं बसला! मी बाभळीवर! पाच गाणी ऐकली त्यानं, शेपूटसुदिक हलवलं न्हाई! कॅसेट संपली तवा उठून गेला."

मी धावत घरात गेलो. "वैजयंती, मिळाला! अख्खी दुसरी बाजू, जागचा न हलता!"

"कोण?"

मी सांगितलं.

"अहो, मी माणूस म्हटलं व्हतं!"

पण हसू काही तिला आवरलं नाही, आणि कॅसेट बंबात जायची वाचली. त्या बिबट्याचे माझ्यावर लई उपकार आहेत, मंडळी. फक्त आभार मानायला उसात कोण जाणार?